खाडा पडल्यावर काय?

व्यायाम सुरू करण्यात आपला हात कुणी धरणार नाही. मी स्वतः आजवर किमान नऊ वेळा तो सुरू केलाय. नवे बूट, नवी वही, पहाटेचा गजर, सगळं यथासांग. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी खाडा पडतो. झोपायला उशीर झाला, सर्दी झाली, पाहुणे आले. निमित्त काहीही चालतं. दुसऱ्या दिवशी अंग जड असतं. तिसऱ्या दिवशी आपण म्हणतो, "आता सोमवारपासूनच नीट सुरू करू." त्यानंतर बरेच सोमवार येऊन जातात.

म्हणूनच 'मोटिव्हेशन कसं टिकवायचं' हा प्रश्न मला थोडा भलत्याच जागी बोट ठेवणारा वाटतो. उमेद कुणाचीच सलग टिकत नाही. ज्यांचा व्यायाम वर्षानुवर्षं चालतो त्यांनाही खाडे पडतात. पण त्यांचा खाडा दोन दिवसांत मिटतो आणि आपला सहा महिने लांबतो. हे कशामुळे होतं? आणि पैसे मोजून पर्सनल ट्रेनर ठेवला तर काही फरक पडतो का?

सुरुवातीला आळसाची थोडी बाजू घेतो. हार्वर्डमधले उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लीबरमन यांचं म्हणणं असं, की तब्येतीसाठी म्हणून मुद्दाम पळणं किंवा वजन उचलून पुन्हा जागेवर ठेवणं हा माणसाच्या इतिहासातला अगदी अलीकडचा प्रकार आहे. त्याआधी हालचाल व्हायची ती पोटासाठी, नाहीतर नाचगाण्यासाठी. गरज नसताना बसून राहणं, ताकद राखून ठेवणं हा तेव्हा शहाणपणा होता. तेव्हा सकाळी सहाला अंथरूण सोडवत नसेल, तर तो तुमच्या स्वभावाचा दोष समजू नका. शरीर त्याचं जुनं काम चोख करतंय.

याची दुसरी बाजू लंडनच्या बसमध्ये दिसली. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून असायचे. कंडक्टर तिकिटं देत दिवसभर जिना चढायचे-उतरायचे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. व्यायाम आणि हृदय यांच्या नात्याचा हा एक सुरुवातीचा भक्कम पुरावा मानतात. (पुढे असंही दिसलं की ड्रायव्हरांच्या गणवेशांची मापं नोकरीला लागतानाच मोठी होती. म्हणजे सगळंच श्रेय जिन्याचं नव्हे.) माझं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे जातं. त्या कंडक्टरांना 'आज जिना चढायची इच्छा आहे का' असं कुणी विचारत नव्हतं. वरच्या मजल्यावर प्रवासी बसलेत म्हणजे वर जायचंच.

आपल्याला मात्र रोज सकाळी हा प्रश्न पडतो. रोज नव्याने ठरवायचं, आणि तेही अर्धवट झोपेत, म्हणजे निकाल जवळपास लागलेलाच. त्यामुळे टिकण्याचं बरंचसं गुपित उमेद वाढवण्यापेक्षा ठरवण्याचे प्रसंग कमी करण्यात आहे.

ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकाराचे धोके आणि व्यायामाचे फायदे वाचायला दिले. तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं आणि वर एवढंच लिहायला सांगितलं: येत्या आठवड्यात अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी किमान २० मिनिटं व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी तसा व्यायाम केला. दुसऱ्यातल्या ३५ टक्क्यांनी. तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी. दुसऱ्या गटाची इच्छा माहिती वाचून खरोखरच वाढली होती, पण पाय काही हलले नाहीत. हा फक्त एका आठवड्याचा आणि एका वेळच्या व्यायामाचा प्रयोग होता, त्यामुळे वर्षभराच्या गोष्टी त्यावरून करू नयेत. तरी 'व्यायाम करायला हवा' आणि 'मंगळवारी साडेसहाला, गच्चीवर' या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते त्यातून कळतं.

आता सवयीचं. २१ दिवसांत सवय लागते हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्याचा उगम बहुतेक मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. पुढे पसरताना त्यातला 'किमान' गळला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली.

प्रत्यक्ष मोजमाप केलं ते फिलिपा लॅली आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी; त्यांचा शोधनिबंध २०१० सालचा. ९६ जणांनी १२ आठवडे रोज एकच नवी गोष्ट करायची होती, आणि ती किती आपोआप होतेय याची नोंद ठेवायची होती. गोष्ट अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. पण पसारा बघा: कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशोबाने २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. व्यायामाला, खाण्यापिण्याच्या साध्या सवयींच्या मानाने साधारण दीडपट वेळ लागला. म्हणजे तीन आठवड्यांनीही जिमला जायचं जिवावर येत असेल, तर तुमचं काही चुकत नाहीये. अजून निम्मी वाटसुद्धा झालेली नाही.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो आणि त्याची चर्चा फारच कमी होते. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. एक खाडा निरुपद्रवी असतो. घात होतो तो खाड्यानंतर आपण स्वतःला जे ऐकवतो त्याने.

हेच पुढे फार मोठ्या प्रमाणावर तपासून झालं. अमेरिकेतल्या एका मोठ्या जिम-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर केलेला प्रयोग २०२१ च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये छापून आला. निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या चार-चार आठवड्यांच्या तब्बल ५४ योजना एकाच वेळी लावून पाहिल्या होत्या: आठवण करून देणारे संदेश, बक्षिसाचे गुण, स्वतःशी करार, असं बरंच काही. त्यातल्या ४५ टक्के योजनांनी जिमच्या आठवड्याच्या खेपा ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. सगळ्यांत वरचढ ठरली ती योजना कोणती? ठरलेला दिवस चुकल्यावर जो परत येईल त्याला थोडे जास्तीचे गुण. त्या गुणांची किंमत होती नऊ सेंट, म्हणजे नसल्यात जमा. पैशांसाठी कुणी आलं असेल असं मला वाटत नाही. 'चुकलात, हरकत नाही, तुमची वाट बघतोय' हा निरोप त्या नऊ सेंटांतून पोचला असावा, असा माझा तर्क आहे.

आता त्यातलीच कडू बाजू. चार आठवडे संपल्यावर जेमतेम ८ टक्के योजनांचा परिणाम मोजण्याइतका उरला. बाहेरून दिलेला धक्का संपला की गाडी थांबते. ही गोष्ट लक्षात ठेवा, ट्रेनरच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

मग खाड्याचं काय करायचं? व्यायामाचं वेळापत्रक आपण हौसेने आखतो, पण परतीचा मार्ग कुणी आखत नाही. तो आधीच आखून ठेवावा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम आहे: लागोपाठ दोन खाडे नाहीत. आणि परतीच्या दिवशी पूर्ण व्यायाम करायचा नाही, निम्माच करायचा. कधीकधी तर फक्त बूट घालून पंधरा मिनिटं चालून यायचं. हे मनाचं समाधान वाटेल, पण तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आधीच्या शिफारशींत सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरत नसत. २०२० च्या शिफारशींतून ती अट गेली. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारी, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम, असं सांगून त्यात स्पष्ट म्हटलंय की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं.

शिवाय 'आता सगळं वाया गेलं' हे खरंही नसतं. नियमित व्यायाम करणाऱ्याची ताकद तीन-चार आठवडे बरीचशी टिकते. दमसास मात्र लवकर, दोनेक आठवड्यांत उतरू लागतो. म्हणून मोठ्या खंडानंतर जिना चढताना धाप लागते आणि आपण घाबरून समजतो की शून्यावर आलो.

आणखी एक गोष्ट अंगवळणी पडण्याबद्दल. सवय लावायची ती निघण्याची. पूर्ण व्यायामाची नव्हे. आत गेल्यावर काय करायचं ते रोज बदललं तरी चालतं, पण दाराबाहेर पाऊल पडणं आपोआप व्हायला हवं. खरी चढण तिथपर्यंतचीच असते. व्यायाम करण्याआधी लोकांना विचारलं तर तो किती आवडेल याचा अंदाज ते नेमका कमी सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे सुरुवातीची नकोशी दहा मिनिटंच असतात. प्रत्यक्ष केल्यावर त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त मजा आलेली असते. २०११ सालच्या एका अभ्यासाचा हा निष्कर्ष, आणि मला तो दर आठवड्याला पटतो. नंतर पुन्हा विसरतो, ते सोडा.

अर्थात मजा येण्यालाही मर्यादा आहे. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर बहुतेकांना बरं वाटतं. दम इतका लागला की शब्द तुटायला लागले, की बहुतेकांचा आनंद घसरतो. नवखा माणूस पहिल्याच दिवशी त्या रेषेच्या पलीकडे जातो, कधी उत्साहाने तर कधी दुसऱ्याच्या आग्रहाने, आणि शरीर ते लक्षात ठेवतं. 'घाम नाही तर फायदा नाही' या वृत्तीने जितके लोक जिममधून पळाले, तितके आळसाने पळाले नसतील असा मला संशय आहे.

इथे ट्रेनर येतो. लोकांची समजूत अशी की ट्रेनर उत्साह देतो, तो ओरडेल, "अजून एक, अजून एक!" आणि आपण पेटून उठू. अभ्यास पाहिले तर त्याचा उपयोग निराळ्याच ठिकाणी दिसतो.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थोडाफार सराव असलेल्या पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा अगदी एकसारखा कार्यक्रम केला. कागदावर कार्यक्रम तोच. एका गटाजवळ प्रत्येक वेळी ट्रेनर उभा होता, दुसरा गट आपला आपण करत होता. ट्रेनर असलेल्या गटाची ताकद जास्त वाढली. कारण साधं होतं: त्यांनी वजनं जास्त लावली आणि ती लवकर वाढवत नेली. महिलांवरच्या २००८ सालच्या एका अभ्यासातही हेच दिसलं. स्वतःच्या मनाने वजन निवडायला सांगितल्यावर, ज्या आधी ट्रेनरबरोबर शिकल्या होत्या त्यांनी आपल्या कमाल ताकदीच्या साधारण निम्मं वजन निवडलं. बाकीच्यांनी त्याहून कमी, ४० टक्क्यांच्या आसपास. आपण एकटे असलो की अंग चोरतो, आणि आपल्याला ते कळतही नाही. तेच पाच किलोचं डंबेल वर्षभर उचलत राहायचं आणि फरक पडत नाही म्हणून सोडून द्यायचं, हा फार नेहमीचा शेवट आहे. स्नायूला हळूहळू वाढता भार लागतो. तो कधी आणि किती वाढवायचा हे पाहणारा डोळा म्हणजे ट्रेनर.

दुसरा उपयोग अगदी साधा: कुणीतरी आपली वाट बघत असतं. ठरलेली वेळ, थांबलेला माणूस, दिलेले पैसे. सकाळचं ते 'जायचं का?' तिथे मोडीत निघतं. आपण थोडा वेळ लंडनचे कंडक्टर होतो.

नुसत्या पैशांवर मात्र विसंबू नका. अमेरिकेतल्या तीन जिमच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांचा निबंध २००६ सालचा. मासिक शुल्क भरणारे महिन्याला सरासरी ४.३ वेळा जात होते. इतक्याच वेळा जायचं तर दहा खेपांचा पास त्यांना खूप स्वस्तात पडला असता. पैसे भरताना ते भावी काळातल्या स्वतःला भेटत होते, आणि तो नेहमी फार शहाणा असतो.

आता त्या चार आठवड्यांनंतरच्या कडू आकड्याकडे परत येऊ. ट्रेनरसुद्धा बाहेरचा धक्काच आहे. तो गावाला गेला, त्याने नोकरी बदलली, तुमचे पैसे संपले, की काय? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार एखादी गोष्ट आपली होऊन टिकायला तीन गोष्टी लागतात: ती मी निवडली आहे ही भावना, ती मला जमते ही भावना, आणि माझ्याशी आपुलकीने वागणारं कुणीतरी आहे ही भावना. चांगला ट्रेनर तिन्ही वाढवतो. वाईट ट्रेनर पहिल्या दोन आपल्याकडे ठेवून घेतो. निवड त्याची, कौशल्य त्याचं, आपण फक्त घाम द्यायचा.

माझा पहिला ट्रेनर असाच होता. माणूस प्रेमळ, वक्तशीर. पण पाच महिन्यांत त्याने मला एकाही व्यायामाचं नाव सांगितलं नाही, का करायचा तेही नाही. "या, झोपा, उचला, बारा." तो सोडून गेला त्या दिवशी मी त्या यंत्रांच्या गर्दीत जत्रेत चुकलेल्या पोरासारखा उभा होतो. आठवड्याभरात जिम सुटली. तो महागडा खाडा अकरा महिने चालला.

तेव्हापासून माझं मत असं, की ट्रेनर ठेवावा तो त्याच्यावाचून चालावं यासाठी. वजनांचा व्यायाम पहिल्यांदाच करणाऱ्याने आठवड्यातून दोनदा, दोन-तीन महिने शिकावं. मग अंतर वाढवत महिन्यातून एकदा दाखवून यावं. मधल्या दिवसांत तोच व्यायाम एकट्याने करायचा, म्हणजे ट्रेनर असतानाच एकट्याची सवय लागते. दुखापतीनंतर परतणाऱ्यांना, तोल जाण्याची भीती असलेल्या वयस्कर मंडळींना, किंवा वर्षभर एकाच ठिकाणी अडकलेल्यांना त्याचा उपयोग सगळ्यांत जास्त. दुखापत ताजी असेल तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. ज्याला फक्त चालायचंय त्याला ट्रेनरची गरज नाही. एक मित्र पुरतो. तोही आपल्यापेक्षा किंचित दमदार असलेला बरा. ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाला १९२० च्या दशकात बर्लिनच्या नौकानयन क्लबात दिसलं होतं, की जोडीने वजन उचलताना त्यातला कच्चा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ तग धरतो, कारण आपल्यामुळे जोडी हरू नये असं त्याला वाटतं. दोघांत फरक फार मोठा असला की मात्र हा परिणाम ओसरतो.

ट्रेनर निवडताना प्रमाणपत्र विचाराच, पण तेवढ्यावर जाऊ नका. अनेक देशांत 'पर्सनल ट्रेनर' म्हणवून घ्यायला कायद्याने काहीच लागत नाही. पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला किती प्रश्न विचारले ते पाहा: औषधं, जुनी दुखणी, रक्तदाब, झोप, आधी काय केलंय आणि का सोडलं. काही न विचारता पहिल्याच दिवशी पार लोळवलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका. थोडं अंग दुखणं ठीक. ते एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं आणि मग उतरतं. पण अतोनात दुखणं, सूज आणि गडद, चहासारखी लघवी दिसली तर लगेच दवाखाना गाठा. अति श्रमाने स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरले की असं होतं आणि मूत्रपिंडाला धोका असतो. नवख्यांना आणि मोठ्या खंडानंतर जोशात परतणाऱ्यांना हे होऊ शकतं. म्हणूनच तो निम्म्या व्यायामाचा नियम.

आणि पैसे देण्याआधी एक प्रश्न विचाराच: "मी दोन आठवडे आलोच नाही, तर तुम्ही काय कराल?" मी हा तिघांना विचारला. एक म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत. दुसरा म्हणाला, "माझ्याकडे येणारे असे गैरहजर राहत नाहीत." तिसऱ्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "तिसऱ्या दिवशी फोन करीन. आलात की त्या दिवशी निम्मंच वजन लावू." त्याच्याकडे मी सात महिने गेलो. आता दोन महिन्यांतून एकदा जातो, वही दाखवायला. मागच्या खेपेला त्याने खाड्यांची पानं आधी उघडली, दिवस मोजले आणि म्हणाला, "नऊ दिवसांचा एकच मोठा आहे. काय झालं होतं तेव्हा?"